वीतभर उरलेलं पायडल

मी एक जुनी शॉकअपची सायकल आहे. सात-आठ वर्षांच्या सायकलीला कुणी जुनी म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भिवंडीकडच्या दमट हवेत स्वस्तातल्या लोखंडाला म्हातारपण लवकर येतं. मित्रांनो, माझ्या मधल्या नळीवर हा जो जाड जोड दिसतो, तो जन्मापासूनचा नाही. तो कसा आला, तेच तुम्हाला सांगायचं आहे. सांगता सांगता मी मध्येच थांबले तर साखळी अडकली असं समजा आणि जरा धीर धरा.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. पुढे धक्के झेलणारे दोन शॉकअप, मागे सीटखाली जाडजूड पिवळी स्प्रिंग, अठरा गिअर आणि खडबडीत टायर. माझ्या खोक्यावर एक चित्र होतं. त्यात एक गोरा माणूस माझ्यासारख्याच सायकलीवरून डोंगरावरून उडी मारत होता. ते चित्र पाहून मलाही वाटायचं, आपण कुणीतरी मोठ्या घरच्या. खरं सांगायचं तर मला उचलताना माणूस कण्हायचा, आणि अठरापैकी सहा-सात गिअर तर कधी पडलेच नाहीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

ट्रकमधून मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात आले. तिथे उतरवताना माझं खोकं हमालाच्या हातातून निसटलं. नळीवर लांब ओरखडा उठला आणि तेवढ्याने मी ‘डॅमेज माल’ झाले. भिवंडीत असा माल कुणी फेकून देत नाही. फुटक्या खोक्यातले मिक्सर, पोचा आलेली कपाटं, टवका उडालेले पंखे, सगळ्यांना गिऱ्हाईक मिळतं. मला गिऱ्हाईक मिळालं कुमार. साल दोन हजार एक, दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता.

कुमार शेलार गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घर शेतकऱ्याचं, पण तो स्वतः भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. बिघडलेला लूम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला तिथे जॉबर म्हणतात. कुमार नावाजलेला जॉबर होता. चाळीस लूम एकदम धडधडत असले, तरी कुठल्या लूमचा कुठला नट ढिला झालाय ते तो दारातूनच सांगायचा. खिशात कायम पाना. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘हलंल ते तुटंल.’ नव्या पोरांना तो हेच शिकवायचा आणि घरातल्या खाटेपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं पिळून घट्ट करायचा.

असा हा माणूस मला घेऊन घरी आला, तेव्हा त्याचे वडील, नवशा आबा, ओटीवर बिडी ओढत बसले होते. त्यांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“कॅरेज न्हाय, मडगाड न्हाय, घंटी न्हाय. हिचा उपेग काय?”

“उपेग काय न्हाय, आबा,” कुमार म्हणाला. “फिराला घेतलीय.”

“फिराला? रिकामा रेडा फिरतो गावात. तू त्याच्या जोडीला जा.”

सगळे हसले. कुमारची बायको निशा हसत हसतच आत गेली आणि हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. माझ्या चाकाखाली नारळ फुटला. त्यांची सात वर्षांची लेक मेघाली हिने माझ्या सीटवर हात ठेवून दाबून पाहिलं. सीट खाली गेली आणि वर आली. तिने पुन्हा दाबलं. “बाबा, ही नाचते!” ती ओरडली. तेव्हापासून गावात माझं नाव पडलं ‘जॉबरची नाचरी’.

मित्रांनो, त्या नावाचा मला राग आला नाही. मला नाचण्यासाठीच तर बनवलं होतं.

लूमला शुक्रवारी सुट्टी असते. दर शुक्रवारी सकाळी कुमार मला बाहेर काढायचा. गावाबाहेर बैलगाडीची वाट, मग माळ, आणि माळाच्या शेवटी टेकडी. टेकडीच्या माथ्यावर शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे. चढताना तो मला निम्मं ढकलतच न्यायचा, कारण माझं वजन आणि माझे गिअर दोन्ही बेभरवशाचे. माथ्यावर पोचला की दगडाशेजारी बसायचा. त्याच्या कानांत लूमची धडधड आठवडाभर साठलेली असायची. बऱ्याच वेळाने तो स्वतःशीच म्हणायचा, “हां, आता पाखरं ऐकू येतात.” मग आम्ही खाली यायचो.

ती उतरण मी कशी सांगू? सुटा मुरूम, वर आलेली मुळं, आणि मध्ये दगडाच्या तीन पायऱ्या. दगड आला की मी पाठ वाकवायची, धक्का स्प्रिंगमध्ये घ्यायची आणि पुन्हा सरळ व्हायची. वर बसलेल्या कुमारला तो धक्का कळायचाही नाही. चाळिशीला आलेला तो माणूस त्या पायऱ्यांवरून येताना तोंडाने ‘हुर्र’ करायचा. कारखान्यात त्याला कुणी तसं ओरडताना पाहिलं असतं तर शपथेवर सांगूनही खरं वाटलं नसतं.

खाली मोहाच्या झाडाजवळ मेघाली उभी असायची.

“बाबा, आता मी.”

“पाय पोचतात का पायडलला?”

“बघा ना.”

कुमार मला धरून उभा राहायचा, ती सीटवर चढायची, पाय लांब करायची. मग टाच आणि पायडल यांच्यात कुमार बोटं लावून मोजायचा. पहिल्या वर्षी अंतर वीतभर भरलं. “वीतभर वाढ, मग सोडतो तुला एकटीला. वाघोबापासून इथपर्यंत. वाघोबाच्या शपथेवर.” दोन दसऱ्यांनंतर चार बोटं उरली. मेघाली घरी जाऊन दाराच्या चौकटीला लटकायची, म्हणजे लवकर लांब होता येईल. तिला दुसरं काही नको होतं. ती टेकडी, ती उतरण, आणि वर ती एकटी. मलाही तेच हवं होतं. कुमारसारखा जड माणूस वाहणं वेगळं आणि ते हलकं पोर घेऊन खाली येणं वेगळं. मी रात्रंदिवस तिच्या पायांची वाट पाहत होते.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर फक्त एक बोट उरलं.

तोवर माझी पाठ कुरकुरायला लागली होती. मागचा भाग ज्या बोल्टवर झुलतो, तिथे धूळ आणि कुमारच्या कपड्यांवरची सुताची रुई जाऊन बसली होती. आतली चकती झिजली होती. चाक थोडं डुलायचं. एवढंच दुखणं, मित्रांनो. एक चकती बदलून तेलाचे चार थेंब दिले असते तरी मी बरी झाले असते. पण कुमारने मागचं चाक धरून हलवलं, ते हललं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“हिच्यावर माझी पोर बसवाची हाय,” तो निशाला म्हणाला. “अशी डुलती ठेवू का? आधी पक्की करतो.”

नाक्यावर रामनाथ वेल्डर होता, मूळचा उत्तर प्रदेशचा. कुमारने त्याच्यासमोर माझी पिवळी स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी लोखंडाची जाड पट्टी धरली.

“इसको इधर से उधर टाँका मार दे.”

रामनाथने चष्मा वर केला. “कुमारभाई, ये तो हिलने के लिए ही दिया है कंपनी ने.”

“रामनाथ, बीस साल से लूम टाइट करता हूँ. मेरे को मत सिखा.”

रामनाथने खांदे उडवले आणि टाका मारला. मला लोकांना दोष द्यायला आवडत नाही, आणि कुमारला तर नाहीच नाही. त्याने मला कंजूसपणाने किंवा आळसाने बिघडवलं नाही. आपली लेक पडू नये म्हणूनच त्याने माझी पाठ जखडली. घरी आणल्यावर मेघालीने माझ्या सीटवर हात दाबून पाहिला. सीट हलली नाही.

“बाबा, ही नाचत न्हाय आता.”

“नाचणारी नकोच तुला. ही बघ कशी पक्की हाय.” आणि त्याने मोठ्या अभिमानाने मला दोन्ही हातांनी गदगदा हलवून दाखवलं. स्प्रिंग त्याने फेकली नाही. तेल लावून, कापडात गुंडाळून हत्यारांच्या डब्यात ठेवली. चांगली वस्तू टाकायची नाही, हीसुद्धा त्याची सवयच.

तीन शुक्रवारांनंतर मेघालीचे पाय पोचले. कुमारने बोट लावलं, बोट जायला जागा नव्हती. त्याने दिलेला शब्द पाळला. मला वाघोबापर्यंत ढकलत नेलं, दगडाला फूल वाहिलं, लेकीला सीटवर बसवलं आणि दोन्ही हात सोडले.

“ब्रेक मागचा आधी!” तो ओरडला.

मित्रांनो, पहिली अर्धी उतरण तिने झकास काढली. तिचा हात हलका होता, नजर पुढे होती. दगड येत होते आणि मी सवयीने पाठ वाकवायला जात होते. पाठ वाकत नव्हती. प्रत्येक धक्का सरळ नळीत जात होता. पहिली पायरी, दुसरी पायरी. मी जीव खाऊन धरून होते. तिसऱ्या पायरीवर माझी मधली नळी कडकन मोडली. मेघाली माझ्यावरून पुढे फेकली गेली आणि मी तिच्या उजव्या पायावर पडले. माझं ते सगळं वजन तिच्या गुडघ्यावर पडलं. त्या गोष्टीला आता साडेचार वर्षं झाली, पण तो आवाज माझ्यातून गेलेला नाही.

कुमार धावत खाली आला. तिला उचलण्याआधी त्याने मला लाथ मारून बाजूला केलं. “डॅमेज माल! साला डॅमेज माल!” तो ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तिथून हलायचंच नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या लडकूने मला खांद्यावर टाकून घरी आणलं.

गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं होतं. दीड-दोन महिने प्लास्टर राहिलं. ते काढल्यावर डॉक्टरांनी निशाला आणि कुमारला समोर बसवून सांगितलं, “हाड जुळलंय. आता रोज गुडघा वाकवायचा. दुखेल, मुलगी रडेल, तरी थोडा थोडा वाकवायचाच.”

मी तेव्हा पडवीत भिंतीला टेकून होते. मला सगळं दिसायचं. पहिल्या दिवशी कुमारने तिचा पाय धरून वाकवला. ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी त्याने पायाला हात लावायच्या आधीच ती किंचाळली. तिसऱ्या दिवशी त्याने लूमवरचं जाडंभरडं कापड आणलं, बांबूच्या दोन कामट्या आणल्या आणि गुडघा सरळ करून बांधून टाकला.

“डॉक्टरांनी वाकवाला सांगितलाय ना?” निशा म्हणाली.

“डॉक्टरला काय जातंय सांगाला? आताच जुळलेला हाड हाय. हलंल ते तुटंल.”

“अहो, पण...”

“तू गप. एकदा तुटला तेवढा पुरे झाला.”

निशा गप्प बसली. मी तर मुकीच. सुटीच्या दिवशी तो ते बांधणं नीट तपासायचा, सैल झालं तर पुन्हा आवळायचा, आणि आवळताना तिच्या केसांवरून हात फिरवायचा. चार महिने त्याने तो पाय असा जपला. चार महिन्यांनी सोडला, तेव्हा गुडघा थोडासा वाकून तिथेच अडला. मेघाली शाळेत जाऊ लागली, एक पाय टाकत आणि एक पाय ओढत. डॉक्टरांकडे पुन्हा जायची कुमारला हिंमत झाली नाही.

त्यानंतरची माझी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माझ्या हँडलवर कोंबड्या झोपायच्या. नवशा आबांनी माझ्यावर दुधीचा वेल चढवला. “चला, उपेगाला आली एकदाची,” ते म्हणाले, पण त्यांनाही हसू आलं नाही. कुमार शुक्रवारी घरीच बसायला लागला. टेकडीकडे तो पाहायचाही नाही. पुढे तिथे टेकडी खोदणारं मशीन आलं. गोदामांच्या भरावासाठी मुरूम लागत होता. डंपर दिवसभर धुरळा उडवत जायचे. मोहाचं झाड गेलं, दगडाच्या तीन पायऱ्या गेल्या. वाघोबाला गावकऱ्यांनी वाजतगाजत खाली आणून नव्या ओट्यावर बसवलं.

गेल्या साली, दोन हजार आठच्या पावसाळ्याआधी, आबांना गोठ्याला टेकू हवा होता. कुमारने मला वेलातून ओढून काढलं. माझी नळी कापून टेकू करावा, असा त्याचा विचार होता. मेघाली, आता चौदा वर्षांची, उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

कुमारने करवत लावली आणि मोडलेल्या जागेकडे पाहिलं. मग करवत खाली ठेवली. त्याने रामनाथचा टाका अंगठ्याने चाचपला. टाका शाबूत होता. पट्टी शाबूत होती. नळी मोडली होती ती टाक्याच्या वीतभर पुढे, धडधाकट जागी. जॉबरच्या नजरेला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

त्याने टाक्यावर पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाला, “मेघाली, लूमवर धोटा येऊन आदळतो ना, तिथे चामडं असतं. धक्का खायला. ते चामडं काढला तर काय होईल?”

“काय?”

“लाकूड मोडंल. वीस वर्षं चामडी बदलतोय मी. आणि हिचं चामडं मीच काढला.” त्याने माझ्या पाठीवरच्या पट्टीवर हात ठेवला. मग त्याची नजर माझ्यावरून सरकून लेकीच्या सरळ पसरलेल्या पायावर गेली, आणि तिथेच राहिली.

“डॉक्टर काय बोलला व्हता?” त्याने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

“वाकवाला सांगितला व्हता.”

“म्या बांधला.”

“मी लय रडायची ना, बाबा. म्हणून तुम्ही बांधलात.”

“तू रडायचीस म्हणून न्हाय,” कुमार म्हणाला. “मला ऐकवत नव्हता म्हणून.”

दिवसभर लुमांचा कल्लोळ ऐकणारा तो माणूस उंबऱ्याशी खाली बसला आणि त्याने लेकीच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. मेघालीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. तिला काय करावं ते सुचेना, म्हणून ती त्याच्या केसांतली रुई वेचत राहिली.

दुसऱ्याच दिवशी कुमारने मला रामनाथकडे नेलं. पट्टी कापली. मोडलेल्या नळीत दुसरी नळी घालून हा जाड जोड मारला. कुमार पैसे द्यायला गेल्यावर रामनाथने हात मागे घेतला. घरी कुमारने चकती बदलली, तेल दिलं आणि डब्यातून ती पिवळी स्प्रिंग काढली. साडेतीन वर्षं कापडात राहून ती तशीच चकचकीत होती. स्प्रिंग बसली आणि मी पुन्हा पाठ वाकवली.

मग त्याने मेघालीला सीटवर बसवलं. सीट जेवढी वर जाते तेवढी केली. मेघालीने दोन्ही पाय पायडलवर ठेवले. तिचे पाय आता छान पोचत होते, जमिनीपर्यंतसुद्धा. तिने जोर दिला. डावं पायडल खाली गेलं, उजवं वर येऊ लागलं, आणि मध्येच थांबलं. गुडघा पुढे वाकेना. तिने पुन्हा जोर दिला. ओठ चावला. पायडल तिथेच. मी माझ्या बाजूने जेवढं सैल होता येईल तेवढं झाले, पण चाक पुरतं फिरल्याशिवाय सायकल कशी चालणार?

कुमार खाली वाकला. पायडल जिथे थांबलं आणि जिथे जायला हवं होतं, त्या दोन्हींच्या मध्ये त्याने हात लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पूर्ण वीतभर.

“राहू द्या, बाबा,” मेघाली उतरत म्हणाली. “लय चांगली झालीय. नाचते आता.” ती आत गेली, आणि आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी भांडी आधीच घासलेली होती.

त्या आठवड्यात कुमार तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेला. फार उशीर झालाय, पूर्ण वाकेल असं सांगता येत नाही, पण नेटाने केलं तर थोडा सुटेल, असं ते म्हणाले. आता रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी कुमार गरम पाण्याचा शेक देतो आणि गुडघा वाकवतो. मेघाली ओढणी दातांत धरते. दर शुक्रवारी ती माझ्यावर बसते आणि दोघं मोजतात. वर्षभरात दोन बोटं कमी झालीत.

मला हिशेब कळतो, मित्रांनो. दोन बोटांना एक वर्ष लागलं. उरलेलं सुटणार की नाही, कुणाला माहीत नाही. सुटलं तरी ती टेकडी आता नाही. तिची माती कुठल्यातरी गोदामाच्या फरशीखाली आहे. आणि माझ्या जोडाखाली गंज धरलाय, तो वर्षाला दोन बोटांपेक्षा वेगाने चालतो. मला तिला घेऊन फक्त पडवीपासून विहिरीपर्यंत जायचंय. तेवढं झालं की माझा टेकू केला तरी चालेल.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तेल द्या, पुसून कोरडी ठेवा, आणि जे वाकायला बनवलंय ते वाकू द्या. आपल्या माणसाला दुखत असलं आणि तरी त्याला वाकवणं भाग असलं, तर आपल्याला ऐकवत नाही म्हणून हात आवरू नका. त्याच्याबरोबर रडा, पण हात चालू ठेवा.

मेघाली रडते तेव्हा कुमार आता तोंड फिरवत नाही. तोही रडतो आणि आकडे मोजत राहतो. मग दोघं आत जातात. त्यांच्यामागे मी माझं पायडल, जिथे तिचा पाय थांबला होता तिथेच, पुढच्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवते.